दंडावरची खूण

आरोग्याच्या पानासाठी लिहा असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी सॉफ्टवेअरवाला. संगणकात व्हायरस शिरला तर मला बोलवा, माणसात शिरला तर डॉक्टरांना." पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात जे घडले त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती या विषयावर मला बरेच वाचावे लागले, आणि दोन-तीन डॉक्टरांना तेच तेच प्रश्न विचारून भंडावून सोडावे लागले. त्यातले जे मला नीट कळले तेवढेच इथे मांडतो. औषधाचा सल्ला अर्थातच आपापल्या डॉक्टरांकडून घ्यावा.

सुरुवात झाली मिशन बेच्या किनाऱ्यावर. जानेवारीची दुपार, सगळे पोहून आलेले. आमची आठ वर्षांची कन्या आजोबांच्या हाताकडे बघत म्हणाली, "आजोबा, तुमच्या हातावर हे गोल गोल काय आहे?" मग तिने माझा डावा दंड तपासला. तिथेही एक खूण, पण एकच. शेवटी स्वतःचे दोन्ही दंड वळवून वळवून पाहिले. "मला का नाही?"

वडिलांनी तिला सांगितले की त्यांच्या हातावरच्या मोठ्या खुणा देवीच्या. त्यांच्या लहानपणी सांगलीत घरोघर, शाळाशाळांतून देवी काढायला माणसे येत. माझ्या दंडावरची खूण बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लशीची. तिच्या जन्मापर्यंत देवी हा रोगच जगातून गेला होता. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचे जाहीर केले. भारतात ही लस सर्वांत आधी टोचली गेली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. शीतपेट्या नव्हत्या, त्यामुळे लस बाटलीतून नव्हे तर एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात अशी माणसामाणसांतून बगदाद, बसरा करत मुंबईला आली होती. कन्येला ही गोष्ट फार आवडली. बीसीजीचे मात्र तिला काय सांगावे हे आम्हा दोघांनाही सुचेना, कारण नेमका त्याच आठवड्यात आमच्या घरात 'टीबी' हा शब्द शिरला होता. ते पुढे येईलच. आधी शरीराचे कामकाज पाहू.

पहिली फळी

आपण रोगप्रतिकारशक्ती म्हटले की डोळ्यांसमोर लढाई आणतो. पण बहुतेक जंतूंशी लढाई होतच नाही, ते आत येऊच शकत नाहीत. कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि सतत झडत असतो. श्वासनळीत चिकट द्रव असतो आणि त्याखालचे सूक्ष्म केस तो सतत घशाकडे लोटत असतात. जठरातले आम्ल इतके तीव्र असते की गिळलेले पुष्कळसे जंतू तिथेच संपतात. अश्रू आणि लाळ यांतही जंतूंच्या भिंती विरघळवणारे द्रव्य आहे.

हे सगळे ओलांडून कोणी आत आलाच, म्हणजे बागेत गुलाबाचा काटा घुसला, तर तिथे भक्षक पेशी धावतात. या पांढऱ्या पेशी जंतूला वेढतात, गिळतात आणि पचवतात. हे पहिल्यांदा नीट ओळखले ते एली मेचनिकोफ या रशियन शास्त्रज्ञाने, १८८२ साली, सिसिलीतल्या मेसिना गावी. त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात बारीक काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्याभोवती पेशींची गर्दी. जखमेतला पू म्हणजे अशाच कामी आलेल्या पेशी. ताप येतो तोही बहुतेक वेळा जंतूचा पराक्रम नसतो. शरीराने स्वतःच तापमान वाढवलेले असते, कारण अनेक जंतूंना ते मानवत नाही.

ही फळी तत्पर असते, पण तिला काही थोड्या ठरावीक खुणांवरूनच शत्रू ओळखता येतो. जंतू वेष बदलण्यात पटाईत. म्हणून दुसरी फळी लागते.

ओळख आणि आठवण

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. आमच्या धंद्यात व्हायरस पकडणारा प्रोग्राम ज्ञात व्हायरसांची यादी घेऊन बसतो. नवा व्हायरस आला की कुणीतरी आधी आजारी पडावे लागते, मग यादीत भर. मला वाटत होते शरीरही असेच करत असेल. पण शरीराची रीत उलटी आहे. ते शत्रू येण्यापूर्वीच, शत्रू कसा दिसेल याची काहीच कल्पना नसताना, अब्जावधी वेगवेगळ्या आकारांचे ओळखयंत्र असलेल्या पेशी तयार करून ठेवते. प्रत्येक पेशीवर एकाच तऱ्हेचे यंत्र. बहुसंख्य पेशी आयुष्यभर आपल्या जोडीच्या शत्रूची वाट पाहत फिरतात आणि तशाच मरतात.

माणसाच्या जनुकांची संख्या वीस हजारांच्या आसपास. मग अब्जावधी आकार आले कुठून? ते कोडे सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने सोडवले आणि त्याबद्दल त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी घडताना जनुकांचे तुकडे पत्ते पिसावेत तसे पिसले जातात आणि प्रत्येक पेशीत वेगळा डाव लागतो. शरीरात इतरत्र जनुकांना हात लावायची सोय नाही. इथे मात्र मुद्दाम गोंधळ घातला जातो.

अर्थात असे आंधळेपणाने यंत्र बनवले तर काही यंत्रे आपल्याच शरीराला शत्रू समजणार. त्यासाठी परीक्षा आहे. दुसऱ्या फळीतल्या 'टी' पेशी छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत शिकायला जातात. तिथे त्यांना शरीराचीच द्रव्ये दाखवली जातात. काहीच ओळखता येत नसेल ती पेशी नापास. स्वकीयांवर तुटून पडेल तीही नापास, आणि नापास म्हणजे मरण. शंभरातल्या पाचसुद्धा बाहेर पडत नाहीत. आमच्या वेळच्या इंजिनियरिंगच्या गणिताच्या पेपरचा निकाल याहून बराच बरा लागायचा!

पास झालेल्या पेशी लसीकाग्रंथींत जाऊन बसतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ते यामुळेच. जखमेजवळच्या पेशी जंतूचे तुकडे घेऊन तिथे येतात, त्या तुकड्याशी जुळणारी पेशी शोधली जाते, आणि ती सापडली की तिच्या हजारो प्रती काढल्या जातात. दुसऱ्या जातीच्या 'बी' पेशी प्रतिपिंडे, म्हणजे डॉक्टर ज्यांना अँटीबॉडीज म्हणतात ती, रक्तात सोडू लागतात. प्रतिपिंडे जंतूला चिकटतात आणि भक्षक पेशींना खूण पटते. पहिल्या खेपेला या सगळ्याला आठवडा-दहा दिवस लागतात. तेवढ्यात माणूस चांगलाच आजारी पडू शकतो.

लढाई संपली की यातल्या बहुतेक पेशी मरतात, पण काही राहतात. त्यांना स्मरणपेशी म्हणू. तोच जंतू पुन्हा आला तर त्या एक-दोन दिवसांतच उठतात आणि पुष्कळदा आपल्याला पत्ताही लागत नाही. ही आठवण किती टिकते याचा पुरावा एका बेटावरच मिळाला. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती, ती पुन्हा आली थेट १८४६ मध्ये. तेव्हाच्या सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० जणांना गोवर झाला. पाहणीसाठी गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला आढळले की ज्या म्हाताऱ्यांना १७८१ मध्ये गोवर येऊन गेला होता त्यांतल्या एकालाही या वेळी झाला नाही. पासष्ट वर्षे कोणताही सराव नसताना शरीराने नोंद जपून ठेवली होती.

लस म्हणजे दुसरे काही नाही, आजार न होता मिळालेली आठवण.

गोवराचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या दारातली आहे. २०१९ मध्ये न्यूझीलंडमध्ये गोवराचे दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले, त्यांतले बहुसंख्य ऑकलंडचे. इथून तो सामोआला गेला आणि तिथे ८३ माणसे दगावली, बहुतेक सगळी लहान मुले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की गोवराचा विषाणू स्मरणपेशींनाच मारतो. गोवर होऊन गेलेल्या मुलांची इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नष्ट झालेली आढळली. "गोवर काय, सगळ्यांनाच व्हायचा" असे आपल्या आज्या म्हणत. पण गोवरानंतर वर्ष-दोन वर्षे मूल सारखे आजारी पडते हेही त्याच सांगत. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराची मोठी साथ आली होती, हे सुट्टीत तान्ह्या मुलाला घेऊन भारतात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे आणि तिकीट काढतानाच डॉक्टरांना लशीबद्दल विचारावे.

वडिलांची रक्ततपासणी

आता घरची गोष्ट. वडिलांना गेली दहाएक वर्षे आमवात आहे. इथे त्याला ऱ्हूमटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. हा रोग बाहेरच्या जंतूचा नाही. थायमसच्या परीक्षेतून निसटलेल्या पेशी स्वतःच्याच सांध्यांना शत्रू समजतात, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे नव्हे तर तिला आवर न राहिल्यामुळे होणारा हा आजार. म्हणून 'इम्युनिटी वाढवा' अशी जाहिरात दिसली की मला विचारावेसे वाटते, कोणती आणि किती? वडिलांकडे ती नको तिथे भरपूर होती. अ‍ॅलर्जी, दमा यांच्यातही तोच प्रकार. च्यवनप्राश जरूर खा, मलाही आवडते, पण प्रतिकारशक्ती ही काही टाकीतले पेट्रोल नव्हे की काटा जितका वर तितके बरे.

गोळ्यांनी बोटे ऐकेनाशी झाली, शर्टाची बटणे आई लावून देऊ लागली, तेव्हा तज्ज्ञ डॉक्टरांनी नव्या जातीचे इंजेक्शन सुचवले. शरीरात सूज पेटती ठेवणारे टीएनएफ नावाचे द्रव्य असते, ते अडवणारे हे औषध. ते सुरू करण्यापूर्वी नियमाप्रमाणे एक रक्ततपासणी केली, आणि निकाल आला: टीबीसाठी पॉझिटिव्ह.

मुंबईकरांना शिवडी म्हटले की जसे वाटते, तसे आम्हा सांगली-मिरजकरांना वानलेसवाडी म्हटले की वाटत असे. तिथले क्षयरोग्यांचे इस्पितळ जवळून जाताना आजी पदर नाकाला लावायची. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आपल्या घराण्यात कुणाला क्षय नव्हता. आणि हे मंडळात कुणाला सांगू नकोस." नातीला जवळ घेणे त्यांनी बंद केले. जेवायला स्वतःचे ताट वेगळे काढून घेतले. कुणी सांगितले नव्हते, त्यांनी आपणच ठरवले. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, खोकला नव्हता, ताप नव्हता. तरीही.

डॉक्टरांनी समजावले तेव्हा मला उलगडले की या एका तपासणीत वर सांगितलेली सगळी यंत्रणा गोळा झालेली आहे.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. हा जंतू संथ आहे. पोटातले काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला वीसेक तास लागतात. त्याच्या अंगावर मेणासारखे जाड आवरण असते. फुप्फुसातली भक्षक पेशी त्याला गिळते खरी, पण पचवू शकत नाही. उलट तो तिच्या पोटातच मुक्काम ठोकतो. मग 'टी' पेशी येतात, भक्षक पेशींना चेतवतात, आणि तरीही जंतू मरत नाही असे दिसले की शरीर वेगळा मार्ग धरते. पेशींची भिंत रचून त्याला आत कोंडते. अशा बारीक गाठीत तो वर्षानुवर्षे पडून राहतो. माणूस ठणठणीत असतो, त्याच्यापासून कुणालाही लागण होत नाही. याला दबलेला किंवा सुप्त टीबी म्हणतात. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येला कधी ना कधी ही लागण झाली असावी असा अंदाज आहे. त्यांच्यापैकी शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात प्रत्यक्ष रोग होतो, आणि तोही बहुतेकांना लागणीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. बाकी नव्वदाहून अधिक जणांची भिंत शेवटपर्यंत टिकते.

ही भिंत उभी ठेवणाऱ्या द्रव्यांत टीएनएफ प्रमुख आहे. म्हणजे जे औषध वडिलांच्या बोटांची सूज उतरवणार तेच भिंतीचा चुना काढून घेणार. ही औषधे नवी असताना, २००१ मध्ये, ती घेणाऱ्या काही रुग्णांत जुना टीबी उफाळल्याचे लक्षात आले. तेव्हापासून आधी तपासणी केली जाते.

आणि तपासणी कसली, तर आठवणीची. रक्त घेऊन त्यात क्षयजंतूच्या प्रथिनांचे तुकडे मिसळतात. रक्तातल्या 'टी' पेशींनी हे तुकडे पूर्वी पाहिले असतील तर त्या लगेच इंटरफेरॉन गॅमा नावाचे द्रव्य सोडतात, ते मोजायचे. पूर्वीच्या, हाताला टोचून फुगवटा मोजण्याच्या तपासणीत बीसीजी घेतलेल्यांची गफलत होऊ शकत असे. या रक्ततपासणीत बीसीजीच्या जंतूत नसलेली प्रथिने वापरतात, त्यामुळे लशीची आठवण आणि खऱ्या लागणीची आठवण वेगळी ओळखता येते. मात्र भिंतीआडचा कैदी आज जिवंत आहे की कधीच मेला हे तिला सांगता येत नाही. जोखीम नको म्हणून औषध घ्यायचे.

हे सगळे ऐकून घेतल्यावर बऱ्याच वेळाने वडील म्हणाले, "माझे एक धाकटे चुलते होते. माजघरात आम्ही सगळी मुले त्यांच्याजवळच झोपायचो. फार खोकायचे. एके दिवशी त्यांना टांग्यातून नेले, आणि मग घरात त्यांचे नाव कुणी काढले नाही. मी सहा वर्षांचा असेन." वडील आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. लागण तिथेच झाली असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण तसे असेल तर बासष्ट वर्षे, तीन गावे आणि एक समुद्र ओलांडून त्यांच्या शरीराने हा पहारा दिला, आणि त्यांना कळूही दिले नाही.

मग दंडावरच्या त्या खुणेचे काय? वडिलांनाही शाळेत बीसीजी दिलेली होती. काल्मेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईगुरांच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे, २३० वेळा नव्या अन्नावर वाढवून निस्तेज केला आणि १९२१ मध्ये ती लस प्रथम एका अर्भकाला दिली. तान्ह्या मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती चांगले वाचवते. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयावर मात्र तिचा भरवसा नाही. तामिळनाडूत चिंगलपुट इथे १९६८ पासून झालेल्या प्रचंड मोठ्या चाचणीत तसे संरक्षण दिसलेच नाही. खूण आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

आपल्या घरांसाठी काही

न्यूझीलंडमध्ये वर्षाला टीबीचे तीनशेच्या आसपास रुग्ण सापडतात. त्यांतले बहुसंख्य परदेशात जन्मलेले आणि त्यांत भारतात जन्मलेल्यांचा वाटा मोठा. व्हिसासाठी काढलेला एक्स-रे त्या दिवशी सक्रिय रोग नव्हता एवढेच सांगतो. कोंडलेला जंतू त्यात दिसत नाही. तीन आठवड्यांवर टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री अंगरखा भिजेल असा घाम, कारण नसताना उतरणारे वजन, किंवा मानेत न दुखणारी गाठ, जिला जुने लोक गंडमाळ म्हणत, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आपला जन्म भारतात झाल्याचे आपणहून सांगावे. इथल्या तरुण डॉक्टरने टीबीचा रुग्ण आयुष्यात एखादाच पाहिलेला असतो, त्याच्या मनात ते पहिल्या झटक्यात येणार नाही.

मधुमेह असलेल्यांत सुप्त टीबी जागा होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो. आपल्या मंडळात मधुमेह किती घरांत आहे हे सांगायला नको. सांधे, आतडी, कातडी यांच्या आजारांवर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू होणार असेल, तर 'टीबीची तपासणी झाली का' हा प्रश्न आपण विचारावा.

पैशाची बाजू: टीबीचे निदान आणि उपचार इथे सरकारी खर्चाने होतात, आणि त्यासाठी रहिवासी असण्याची अट नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांनाही हे लागू आहे. खर्चाच्या धास्तीने खोकला लपवून भारतात जाईपर्यंत थांबणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. सक्रिय टीबी असेल तर पब्लिक हेल्थची नर्स घरी येते, घरातल्या इतरांची तपासणी करते. आपल्याला वाटते तसा यात गाजावाजा नसतो.

नव्या बाळांबद्दल. ज्यांचे आईवडील किंवा घरातले कोणी गेल्या पाच वर्षांत सहा महिने वा अधिक काळ भारतासारख्या टीबीचे प्रमाण जास्त असलेल्या देशात राहिले आहे, किंवा जे बाळ पाच वर्षांचे होण्याआधी तिथे तीन महिने वा अधिक राहणार आहे, त्यांना बीसीजी विनामूल्य मिळते. पण ती सरसकट दिली जात नाही, मिडवाइफकडे मागावी लागते. आमची कन्या २०१७ ची. तेव्हा देशात बीसीजीचा तुटवडा होता. पुढच्या वर्षी लस आली, आमच्या ते लक्षातच राहिले नाही, आणि पाच वर्षे उलटून गेली. तिच्या 'मला का नाही' या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे, आणि ते तिला सांगताना मला बरे वाटले नाही. डांग्या खोकल्याची लस गर्भारपणात दुसऱ्या तिमाहीपासून घेता येते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात आणि पहिले काही आठवडे तीच त्याचे रक्षण करतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये इथे डांग्या खोकल्याची राष्ट्रीय साथ जाहीर झाली होती, तेव्हा ही गोष्ट पुढच्या वेळेवर टाकू नये.

आजी-आजोबांसाठी आणखी एक. लहानपणी कांजिण्या झालेल्या प्रत्येकाच्या मज्जातंतूंत तो विषाणू असाच कोंडलेला असतो. वय वाढले, पहारा ढिला झाला की तो नागीण होऊन बाहेर येतो. रहिवाशांना वयाच्या ६५व्या वर्षी नागिणीची लस विनामूल्य आहे. ते वर्ष हुकले आणि स्वतःच्या खर्चाने घ्यायची म्हटले तर दोन डोसांचे काही शे डॉलर होतात. वाढदिवसाच्या दिवशी दिनदर्शिकेत लिहून ठेवा.

वडिलांनी चार महिने रिफाम्पिसिनच्या गोळ्या घेतल्या. लघवी नारिंगी होते, पहिल्या दिवशी घाबरून आम्हाला हाका मारल्या. डॉक्टरांनी आधी सांगितले होते, आम्ही त्यांना सांगायला विसरलो होतो. महिनाभराने संधिवाताचे इंजेक्शनही सुरू झाले. ताट वेगळे काढणे त्यांनी कधी थांबवले ते कळले नाही. नात पुन्हा मांडीवर बसून गणिते घालते आणि ते मुद्दाम चुकीची उत्तरे देतात.

मंडळात कुणाला सांगू नकोस म्हणणाऱ्या वडिलांनीच मागच्या रविवारी वन ट्री हिलवर फिरायला जाणाऱ्या त्यांच्या गटात ही सगळी हकीकत सांगितली. पाचांपैकी एक काका जरा मागे रेंगाळले आणि म्हणाले, "माझीही झाली होती ती तपासणी, तीन वर्षांपूर्वी. हिलासुद्धा सांगितले नव्हते." मग दोघे तिथल्या बाकावर बसले आणि बाकीच्यांना पुढे जा म्हणाले. घरी आल्यावर वडिलांनी शर्ट बदलला. बटणे त्यांनीच लावली, वेळ लागला, पण आईला बोलावले नाही.